पाच पांडवांच्या घरी सहावं नाव

तळ्याच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात बैलगाडीची चाकं करणारा एक सुतार राहत होता. किती वर्षांपूर्वी ते विचारू नका, ज्यांनी मला ही गोष्ट सांगितली त्यांनाही ते माहीत नव्हतं. सुताराच्या चाकांना दहा गावांतून मागणी होती, पण त्याचं नाव झालं होतं ते चाकांमुळे नव्हे, मुलांच्या नावांमुळे.

पहिला मुलगा झाला तेव्हा सुताराची थोरली बहीण सासरहून बारशाला आली. नाव ठेवण्याचा मान आत्याचा. तिने बाळाच्या कानात 'धर्मा' असं सांगितलं. दुसऱ्याचं नाव तिने भीमा ठेवलं आणि तिसऱ्याचं अर्जुन. तेव्हा बायका हसून म्हणाल्या, की आता पाच पुरे केल्याशिवाय ही काही ऐकत नाही. चौथ्या खेपेला सुतारणीला चक्क जुळे मुलगे झाले. नकुल आणि सहदेव. सगळ्या गावाने तोंडात बोटं घातली. देवाने आत्याचा शब्द राखला असं जो तो म्हणू लागला, आणि आत्याही पुढे चार दिवस जरा मान ताठ करूनच चालत होती. खोटं कशाला सांगा, तिला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

जुळी सहा महिन्यांची झाली आणि गावात तापाची साथ आली. देवळाच्या ओवरीत ढोलकी वाजवून पोट भरणारं एक जोडपं उतरलं होतं. ते दोघंही त्या साथीत गेले. मागे राहिलं महिन्याभराचं पोर. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. गावात अंगावर पाजणारी बाई तेव्हा एकच होती, ती सुतारीण. कोणीतरी ते पोर तिच्या ओट्यावर आणून दिलं, दोन दिवसांची सोय म्हणून. सुतारणीने कोणाचं, कुठलं काही विचारलं नाही, पदराखाली घेतलं. दोन दिवसांचे वीस दिवस झाले, शोधत कोणी आलं नाही. एका सकाळी ती नवऱ्याला म्हणाली, की हे पोर आता कुठे जायचं नाही. सुताराने हातातला रंधा थांबवला नाही. आणखी एक पाळणा करायला घेतो, एवढंच तो म्हणाला.

पाळणा झाला, बारशाचा दिवस ठरला, आत्याला सांगावा गेला. आणि मग गावाच्या लक्षात आलं की पांडव पाचच असतात.

झालं, ज्याला त्याला नावं सुचू लागली. कोणी म्हणालं दगडू ठेवा, कोणी म्हणालं धोंडू. देवळात पोथी सांगणारे पुराणिकबुवा होते, त्यांचा शब्द गावात शेवटचा. ते आत्याला समजावत म्हणाले, की पाचांची माळ देवाने पुरी केली आहे, तिच्यात सहावा मणी घुसडू नये. नाव वेगळं असलं म्हणजे कोणता मुलगा घरचा आणि कोणता बाहेरचा, हे पुढे कोणाला विचारावं लागणार नाही. बुवा वाईट माणूस नव्हते. त्यांना ते सोयीचं वाटत होतं, इतकंच.

आत्याला मात्र हे बोलणं झोंबलं. सुतारीण चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. बुवा गेल्यावर ती हळूच म्हणाली, "वन्सं, तुम्ही ठेवाल ते नाव मला चालेल. फक्त हाक मारली की हा ह्या पाचांच्या बरोबरीने धावत आला पाहिजे."

हे ऐकल्यावर आत्याला जेवण गोड लागेना. नाव देवाधर्मातलं हवं, पाचांना शोभणारं हवं, आणि उसनं आणल्यासारखं वाटता कामा नये. तिने कृष्णाचा विचार केला. पण कृष्ण पांडवांचा सखा, भाऊ नव्हे. विदुर तर काका. अभिमन्यू मुलगा. तळ्याच्या काठावर बसून मिश्री लावताना ती एकेक नाव घेत होती आणि सोडत होती. मग तिचं बोट दातावरच थांबलं. पांडवांना आणखी एक भाऊ होता. जगात सगळ्यांना तो ठाऊक आहे, आणि त्याच्याच भावांना तो ठाऊक नव्हता. आत्याने चूळ भरली आणि तरातरा घरी आली.

बारशाला अंगण भरून बायका जमल्या. पाळण्याला फुलं बांधली, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या झालं, बाळ पाळण्याखालून गेलं, वरून आलं. आत्या पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानात कुर्र केलं, आणि मग मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्याचं नाव कर्ण."

नाव सांगितलं की बायका आत्याच्या पाठीत लाडाने धपाटे घालतात. त्या दिवशी एकीचाही हात उठला नाही.

ओट्यावर बसलेले पुराणिकबुवा उठून उभेच राहिले. त्यांनी सगळ्यांना आठवण करून दिली, की कुंतीने लग्नाआधी झालेला हा मुलगा पेटीत घालून नदीत सोडला, पुढे मुलांना त्याच्याबद्दल चकार शब्द सांगितला नाही, आणि शेवटी अर्जुनानेच रणात त्याचा जीव घेतला. कर्ण सूर्याचा मुलगा खरा, दाता खरा, पण पांडवांच्या घरात हे नाव म्हणजे वैराला आमंत्रण. शिवाय तो पाचांच्या आधीचा, सगळ्यांत थोरला. हा तर शेंडेफळ.

"मग ह्याला थोरल्याचा मान द्या," आत्या म्हणाली. "त्या वेळी द्यायचा राहून गेला होता."

हसायचं की गप्प बसायचं ते बायकांना कळेना. आत्याने पाचही भाच्यांना पाळण्यापाशी बोलावलं. धर्मा आठ वर्षांचा होता, जुळी दोघं कडेवर. तिने त्यांना सरळच सांगितलं, की हा तुमच्या आईच्या पोटचा नाही, तिच्या दुधाचा आहे. ह्याचे आईबाप ढोलकी वाजवायचे, ते देवाघरी गेले. हे आज सगळ्यांसमोर सांगते आहे, ह्यात लपवण्यासारखं काही नाही. आणि आजपासून हा तुमचा भाऊ.

मग ती बुवांकडे वळली. "ह्या नावापायी माझ्या भाच्यांत वैर आलं, तर मी माहेरचं पाणी पिणार नाही."

सुताराने चमकून बहिणीकडे पाहिलं. नवरा गेल्यापासून आणि पोटी मूल नसल्यामुळे तिला जायला-यायला हे एकच घर होतं. पण ती बोलून गेली होती, आणि बोललेलं परत घेणाऱ्यांतली ती नव्हती.

सुतारणीने तो थोरल्याचा मान फार मनावर घेतला. चुलीवरची पहिली भाकरी ती कर्णाच्या ताटात वाढायची, मग धर्माच्या, मग उरलेल्यांच्या. भीमाला हे जड जायचं, पण त्याची भूकच मोठी होती, त्यात कर्णाचा काही दोष नव्हता. कर्ण दहा वर्षांचा असताना पाणवठ्यावर एका बाईने त्याला बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, की बाळा, तुला एक गोष्ट कोणी सांगितली नसेल. कर्ण म्हणाला, सांगितली आहे, माझे आईबाप ढोलकी वाजवायचे. आणि घागर उचलून चालू लागला. त्या बाईचा पुढचा अख्खा दिवस वाया गेला.

तरी गाव टपून होतंच. भाऊ म्हटले की भांडणं आलीच. त्यातून अर्जुन आणि कर्ण दोघंही गाडी हाकण्यात एकमेकांना हार न जाणारे. दोघांची जरा बाचाबाची झाली, की पारावरची माणसं एकमेकांना कोपर मारायची. आत्याच्या कानावर हे सारं जायचं. ती वरून हसायची, पण आतून तिला धास्ती वाटायची. आपण बढाईपायी पोराच्या गळ्यात भलतंच काही बांधलं नाही ना, असं तिला कधी कधी वाटायचं.

कर्ण अठरा वर्षांचा झाला त्या साली जत्रेच्या शर्यतीत तो पहिल्यांदा उतरला. ज्याची गाडी पहिली येईल त्याने वर्षभर देवीची पालखी पुढून उचलायची, असा गावचा मान होता. शेवटच्या फेरीला तीन गाड्या राहिल्या. एक अर्जुनाची, एक कर्णाची आणि एक पलीकडच्या गावची. हे कळलं तेव्हा जत्रेतल्या मिठाईच्या दुकानांवर माणूस उरलं नाही. पुराणिकबुवा म्हातारे झाले होते, तेही काठी टेकत आले. आत्या माळाच्या उतारावर उभी होती.

गाड्या सुटल्या. पलीकडच्या गावची गाडी लवकरच मागे पडली. कर्ण पुढे आणि अर्जुन त्याच्या पाठोपाठ, असे दोघं तळ्याच्या अंगाने आले. तिथली जमीन वरून वाळलेली दिसत होती, आत चिखल होता. कर्णाच्या गाडीचं डावं चाक त्या चिखलात रुतलं. गाडी कलंडली, कर्ण खाली पडला आणि त्याचा पाय चाकाखाली सापडला. बैल बिथरून ओढू लागले, तसं चाक आणखी खाली जाऊ लागलं.

माळावर सगळ्यांना एकच आठवलं. पोथी सगळ्यांनी ऐकलेली होती. रणात कर्णाच्या रथाचं चाक जमिनीने गिळलं होतं, तो ते उचलायला खाली उतरला होता, आणि त्याच वेळी अर्जुनाचा बाण आला होता. इथे अर्जुनाला बाण मारायचीही गरज नव्हती. नुसती गाडी पुढे काढली की पालखी त्याची होती. आत्याने डोळे मिटून घेतले.

तिने डोळे उघडले ते लोकांच्या ओरडण्याने. अर्जुनाने कासरे खेचून गाडी थांबवली होती. उडी टाकून तो गुडघाभर चिखलात शिरला होता आणि त्याने चाकाला खांदा लावला होता. गर्दीतून भीमा धावत निघाला, वाटेत दोन माणसं आडवी करून. धर्माने बैलांची वेसण धरून त्यांना चुचकारलं, नकुल आणि सहदेव दुसऱ्या बाजूने आरे धरून भिडले. एकदा जोर लावला, नाही निघालं. दुसऱ्यांदा लावला, आणि बापाने केलेलं ते चाक पाच भावांच्या जोरावर चिखलातून वर आलं. सहदेवाने कर्णाला ओढून बाहेर काढलं.

पाय मोडला नव्हता, पण टेकवत नव्हता. भावांनी कर्णाला गाडीत बसवलं, कासरे त्याच्याच हातात दिले, आणि दोन्ही बाजूंनी चालत ती गाडी रेघेपलीकडे नेली. पलीकडच्या गावची गाडी केव्हाच पोचली होती, पण ती पाहायला रेघेवर कोणी थांबलंच नव्हतं. सगळी जत्रा चिखलाने माखलेल्या सहा भावांच्या मागून चालली होती. ढोल, हलगी, जे हाताला लागेल ते वाजत होतं. सुतारीण हसत होती आणि रडत होती, तिला एका वेळी एकच करणं जमत नव्हतं.

पुराणिकबुवा गाडीपाशी आले. त्यांनी अर्जुनाला विचारलं, की बाबा रे, पालखीचा मान हातात आला होता, मग थांबलास का?

अर्जुन तोंडावरचा चिखल पुसत होता. हे काय विचारणं झालं, अशा नजरेने त्याने बुवांकडे पाहिलं.

"तो माझा भाऊ आहे, हे मला ठाऊक होतं ना," तो म्हणाला.

बुवांनी साऱ्या जन्मात शंभर वेळा ती पोथी वाचली होती. ते आत्यापुढे हात जोडून उभे राहिले. आणि आत्या, जी कोणापुढे कधी रडली नव्हती, ती भर जत्रेत सहाव्या भाच्याच्या गळ्यात पडून मोठ्याने रडली. इतका आनंद तिला आयुष्यात कधी झाला नव्हता.

तात्पर्य: मुलाचं नाव त्याच्या भावंडांना शोभतं की नाही, हे त्या नावाच्या जुन्या कथेवर ठरत नाही, घरात त्याच्याशी खरं बोललं गेलं आणि पंगतीत त्याला जागा दिली गेली, की तेच नाव नवी कथा घडवतं.