सात घरं फिरलेली दुरडी

नदीकाठच्या एका गावी गेनबा नावाचा भडभुंजा होता. फुटाणे भाजावेत, लाह्या फोडाव्यात तर त्यानंच. पण भट्टीच्या धुरानं काळवंडलेला आणि बोलायला भिडस्त. लोक यायचे, पुडी खिशात टाकायचे आणि चालू लागायचे. 'गेनबा, बरा आहेस ना?' एवढं विचारायला कुणाला सवड नव्हती. घरात थोरली बहीण कौसाक्का होती. ती मात्र त्याच्याशी पुष्कळ बोलायची, बहुतेक वेळा रागावूनच.

एकदा त्याला वळचणीला भिजून रडणारं मांजरीचं पिल्लू सापडलं. त्यानं ते घरी आणलं, नाव ठेवलं शेवंती. दूधभात खाऊन ती अशी काही खुलली, की विचारू नका! अंग पांढरंशुभ्र, शेपटी झुपकेदार, एक डोळा निळा आणि दुसरा पिवळा. असं मांजर गावात कुणी पाहिलंच नव्हतं. लोक तिला बघायला यायला लागले.

"हिला पिल्लं झाली की एक आमचं हं, गेनबा!" शिंपी म्हणाला. वैद्यबुवांनीही तेच सांगून ठेवलं. कापडवाल्या रेवणशेठच्या महानंदावहिनींनी तर त्याला ओसरीवर बोलावलं. "या, बसा," म्हणाल्या. चहा दिला, वर शेवेचा लाडू दिला. मग म्हणाल्या, "निळ्या डोळ्यांचं पिल्लू आमच्याच घरी यायला हवं. शब्द द्या."

'या, बसा!' आजवर गेनबाला कुणी अहोजाहो केलं नव्हतं. गडी हुरळला. दिला शब्द. आणि मग जो मागेल त्याला शब्द देतच सुटला. एका मांजरीला पिल्लं किती होणार, याचा विचार करायला तो शुद्धीवर होता कुठे?

एके दिवशी जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई फुटाणे घ्यायला थांबल्या. शेवंतीला कुरवाळत म्हणाल्या, "आता वयात येतेय ही. पिल्लं नको असतील तर लवकर आणा, ऑपरेशन करून टाकू. थोड्याच दिवसांत पुन्हा उड्या मारायला लागेल. आणि हवी असतील, तर त्यांची घरं आधी बघून ठेवा."

"घरं? ती केव्हाच ठरलीत!" गेनबा ऐटीत म्हणाला.

डॉक्टरीणबाई गेल्या आणि कौसाक्कानं तोंड उघडलं. "ठरलीत ना? मग हिला कुणाच्या घरी ठेवतोस ते सांग."

लाकडांच्या ढिगाआड एक करडी मांजरी अंग चोरून बसली होती. बाजारात कुणीतरी सोडलेली. हाडं वर आलेली, पण गळ्यात लाल दोऱ्यात ओवलेलं घुंगरू होतं.

"हौसेनं बांधलंय बघ कुणीतरी," आक्का म्हणाली. "ही पण कधीतरी पिल्लूच होती. मांजर पिल्लांना घेऊन सात घरं फिरते म्हणतात. तिला कशाला ताप? यंदा तूच फीर. एका घरानं जरी हिला ठेवून घेतलं, तर शेवंतीची पिल्लं मी अंगाखांद्यावर वाढवीन. नाही ठेवून घेतलं, तर शेवंतीला दवाखान्यात न्यायचं. कबूल?"

"कबूल," गेनबा म्हणाला. एवढ्या गावात एक घर मिळणार नाही होय? त्यानं करडीला दुरडीत बसवलं, वर फडकं झाकलं आणि निघाला.

"आलं का पिल्लू?" शिंपी धावतच आला. फडकं वर झालं. "हे होय? हे तर मांजर आहे!"

"पिल्लूच मोठं होतं, शिंपीदादा."

"तसं नव्हे रे. पिल्लू कसं, तळहातावर मावतं."

वैद्यबुवांच्या घरी एकाएकी दूध पुरेनासं झालं. कुणी परगावी निघालं होतं, कुणाची सासू मांजराला भीत होती. सगळ्यांना वाईट मात्र फार वाटत होतं. दुरडी घराघरांतून तशीच परत फिरली. शेवटी गेनबा महानंदावहिनींच्या ओसरीवर आला.

"या, बसा, बसा!"

त्यानं दुरडी खाली ठेवायचा अवकाश, करडीनं फडक्याखालून उडी मारली. इकडं नाही, तिकडं नाही, सरळ झोपाळ्याखाली गेली. तिथं एक गोणपाट अंथरलेलं होतं. त्यावर अंगाचं वेटोळं करून ती निवांत पडली.

"बाहुली!" वहिनींच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांचा चेहरा पडला.

"म्हणजे ही तुमची, वहिनी?"

"लहानपणी फार गोड होती हो," वहिनी चाचरत म्हणाल्या. "मग वयात आली. सारखी ओरडायची, दारात बोके जमायचे. पिल्लं झाली असती तर कुणी बघायची? गड्याला सांगून बाजारात सोडली. सगळेच सोडतात." आणि त्यांनी टाळी वाजवली. "शुक! चल, हो बाहेर!"

बाहुली उठली. मुकाट्यानं झोपाळ्याखालून निघाली आणि आपणहून दुरडीत जाऊन बसली.

गेनबानं दुरडीवर फडकं झाकलं. उद्यापासून आपल्याला कुणी 'या, बसा' म्हणणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो मान त्याला हवा होता, अगदी मनापासून हवा होता. पण त्यासाठी अशा किती दुरड्या भरायच्या?

"वहिनी, दिलेला शब्द परत घेतो," तो म्हणाला. "माझ्या शेवंतीला पिल्लं होणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी तो दोघींनाही दवाखान्यात घेऊन गेला. गावानं नावं ठेवली. 'देवानं दिलेलं रूप वाया घालवलं मेल्यानं!' लोक पुन्हा पुडी घेऊन चालू लागले. गेनबाला फार लागलं ते. पण थोड्याच दिवसांत शेवंती चिमण्यांमागं पोत्यांवरून उड्या मारायला लागली, बाहुलीच्या अंगावर मांस चढलं, आणि भट्टीपाशी बसून तो एकटाच हसायला लागला.

मग एका संध्याकाळी महानंदावहिनी भट्टीवर आल्या. गडी बरोबर नव्हता. काखेत तेच गोणपाट होतं.

"ती आपणहून दुरडीत जाऊन बसली ना, ते डोळ्यांपुढून जात नाही," त्या म्हणाल्या. "झोपाळ्यावर बसवत नाही मला. चुकलेच मी. तुमच्यासारखं मला का नाही सुचलं? बाहुलीला परत देता का?"

गेनबाला खूप काही बोलता आलं असतं.

"या, बसा," तो म्हणाला. "मी देणारा कोण? तिलाच विचारू."

चांगल्या लुगड्यानिशी वहिनी काजळीत बसल्या आणि त्यांनी गोणपाट अंथरलं. आधी शेवंतीच येऊन त्यावर ऐसपैस बसली. "तू नव्हे गं, बये!" आक्कानं तिला उचललं. लाकडांच्या ढिगाआडून बाहुली बराच वेळ नुसती बघत राहिली. वहिनी हाक मारीनात, नुसत्या डोळे पुशीत बसल्या. मग हळूच घुंगरू वाजलं, आणि बाहुली गोणपाटावर येऊन बसली.

तात्पर्य: पिल्लू सगळ्यांनाच हवं असतं. त्याचं मांजर झाल्यावरही त्याला घर मिळेल अशी खात्री असेल, तरच नवा जीव जगात आणावा. आणि ज्याला एकदा आपलं म्हटलं, त्याला शेवटपर्यंत आपलं म्हणावं.