वास कुणाचा?

“…आणि चावी फिरवताच धूर निघाला, जळका वास आला, तर आधी काय करशील?”

दस्तगीर वस्तादांनी हे विचारलं तेव्हा सात्ताप्पा एका गाडीखालून नुकताच बाहेर आला होता.

“गाडी बंद करीन.”

“मग?”

मग त्याने सगळं सांगितलं. धुराचा रंग बघायचा. निळसर असेल तर ऑइल जळतंय, पांढरा आणि गोडसर वासाचा असेल तर रेडिएटरचं पाणी नको तिथे शिरतंय. रबर जळाल्याचा वास आला तर पट्टा बघायचा. प्लास्टिकचा आला तर आधी बॅटरीची वायर काढायची, बाकी सगळं नंतर. तो कुठे अडखळला नाही. आजऱ्याच्या त्या गॅरेजात वस्तादांच्या हाताखाली इतकी वर्षं काढून त्याचं नाक असं तयार झालं होतं, की गाडी फाटकात शिरायच्या आत तो तिचं दुखणं सांगायचा. लोक त्याला नाकाचा डॉक्टर म्हणायचे. त्याला ते आवडायचं.

वस्तादांनी हात पुसले.

“हेरेकर मास्तरांच्या गाडीला कसला वास येतो?”

सात्ताप्पाने हातातला पाना खाली ठेवला.

“ऑइलचा असावा.”

“असावा?”

“दोनदा बघून दिली, वस्ताद. पॅकिंग बदललं, पट्टा बदलला. इथे आणली की धूर काढतच नाही. त्यांच्या दारातच काढते. आता गाडीत काही नाही.”

“गाडीत काही नाही,” वस्ताद म्हणाले, “मग तो माणूस सकाळी माझ्यापुढे बसून रडला कशाला?”

हेरेकर मास्तर हे शाळेतले निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांच्या पत्नीला, सुलभाकाकूंना, कॅन्सरची इंजेक्शनं चालू होती. ती घ्यायला ठरलेल्या दिवशी कोल्हापूरला जावं लागे. गाडी दोनदा दुरुस्त होऊन आली होती, तरी मागच्या वेळी काकू गाडीत बसल्या, मास्तरांनी चावी फिरवली, आणि थोड्याच वेळात बॉनेटच्या फटीतून धूर वर आला. काकूंनी एकदा श्वास घेतला, दार उघडलं आणि खाली उतरल्या.

वात विझली की येतो तो वास आहे, त्या म्हणाल्या. दवाखान्याला निघताना दारातच दिवा विझल्याचा वास येतो, यापेक्षा अजून काय कळायचं राहिलं?

ती खेप चुकली. पुढची उद्यावर आली होती. हीही चुकली तर आधीची सगळी इंजेक्शनं वाया जातील, असं डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. मास्तरांनी भाड्याची गाडी करू म्हटलं, शेजाऱ्यांची मागू म्हटलं. काकूंनी काही आदळआपट केली नाही. शांतपणे एवढंच म्हणाल्या, “वास गाडीचा नाही हो. माझा आहे.”

तेव्हापासून गाडी पत्र्याखाली उभी होती, ती कुणी सुरूच केली नव्हती.

दुपारी वस्ताद सात्ताप्पाला घेऊन मास्तरांच्या घरी गेले.

काकू ओट्यावर कापूस घेऊन बसल्या होत्या. शेजारी ताटलीत तुपात भिजवलेल्या फुलवाती थिजायला ठेवल्या होत्या. अंगात त्राण नव्हतं, पण बोटं चालली होती.

“या वस्ताद. ह्यांनी तुम्हालाही ओढून आणलं का?” त्या हसल्या. “उगाच उन्हात आलात. गाडी चांगलीच आहे.”

“गाडीसाठी नाही आलो, वहिनी. पाणी प्यायला आलो.”

पाणी आलं. वस्ताद पायरीवर बसून सावकाश प्याले. सात्ताप्पाला दम निघत नव्हता. तो सरळ गाडीत जाऊन बसला आणि त्याने चावीला हात घातला.

“चावी नको.”

“सुरू केल्याशिवाय वास कसा येणार, वस्ताद?”

वस्ताद काकूंकडे वळले आणि वास कसला होता ते विचारलं. काकूंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. आजवर सगळ्यांनी त्यांची समजूत घातली होती. हे कुणी विचारलं नव्हतं.

“तुपाच्या वातीचा,” त्या म्हणाल्या. “निरांजन शांत झालं की येतो ना, तसा.”

“आणि तुला कसला आला होता, सात्ताप्पा?”

सात्ताप्पा गाडीतून खाली उतरला.

“तुपाचाच.”

“कधी?”

“पहिल्याच दिवशी, बॉनेट उघडलं तेव्हा.”

“मग बोलला का नाहीस?”

“गाडीत तूप कुठे असतं, वस्ताद? सगळं गॅरेज हसलं असतं मला.”

मास्तर दारात उभे होते. ते दोन पावलं पुढे आले. एवढे दिवस हा माणूस पॅकिंग आणि पट्टे बदलत होता.

वस्ताद रागावले नाहीत. “नाकाने खरं सांगितलं होतं,” ते म्हणाले. “तू त्याला दटावून गप्प केलंस. उघड बॉनेट.”

सात्ताप्पाने बॉनेट उघडलं.

मागे काचेच्या बाजूला, बॅटरीच्या पलीकडच्या कोपऱ्यात, काथ्याचा आणि वाळक्या गवताचा एक गोळा होता. त्यात कापूस होता. नुसता कापूस नव्हे, टोक पिळलेल्या, तुपाने पिवळट झालेल्या फुलवाती होत्या. एक खाली घरंगळून पाइपाजवळ अडकली होती. पाइपावर काळे डाग होते, जळून कोळसा झालेल्या कापसाचे.

सात्ताप्पाचा चेहरा उजळला.

“खार, वस्ताद. ओट्यावरनं वाती पळवती आणि इथे घर बांधती. वात तापल्या पाइपावर पडली की धूर. म्हणून आपल्याकडे कधी धूर आला नाही. तोवर वात जळून गेलेली असायची, आणि घर तर गाडी उभी राहिल्यावर बांधलंय.” तो काकूंकडे वळला. “बघा काकू. शकुन नाही आणि अपशकुन नाही. आत्ता काढून टाकतो सगळं.”

त्याने हात आत घातला.

वस्तादांनी त्याचं मनगट धरलं.

गोळ्यात काहीतरी हललं होतं. सात्ताप्पा वाकला. कापसात अंगावर केसही न आलेली, गुलाबी, डोळे मिटलेली पिल्लं एकमेकांना चिकटून पडली होती. गाडी उभी होती त्या दिवसांत झालेली.

“वास कसला ते तुला कळलं,” वस्ताद म्हणाले. “आता सांग, वास कुणाचा?”

सात्ताप्पाने त्यांच्याकडे पाहिलं. त्याला पटकन उमगलं नाही. मग इथे वास कुणाचा, वस्ती कुणाची, ते लक्षात येऊन त्याने हळूच हात बाहेर काढून घेतला.

तेवढ्यात काकू उठल्या होत्या. मास्तर आधार द्यायला धावले, पण त्यांनी भिंत धरली आणि एकेक पाऊल टाकत आपणच गाडीपाशी आल्या. कुंपणावर एक खार शेपटी झटकत चिडून ओरडत होती. काकू वाकून बघत राहिल्या.

“तरीच ताटलीतल्या वाती कमी व्हायच्या,” त्या म्हणाल्या. “मी रोज ह्यांना बोलत होते.”

मास्तरांनी डोळे पुसले आणि म्हणाले, की माफी सवडीने मागितली तरी चालेल.

काकू हसल्या नाहीत. त्या अजून आतच बघत होत्या.

“एवढी झाडं सोडून हिला इथेच का यावंसं वाटलं, वस्ताद?”

“ते मला नाही सांगता यायचं, वहिनी.”

खार कुंपणावरून उतरून थोडी पुढे आली आणि माणसं बघून पुन्हा मागे गेली.

वस्तादांनी बॉनेट खाली आणलं, पण दाबून बंद केलं नाही. खारीला आत शिरता येईल एवढी फट ठेवली. मग गाडीतून चावी काढली. मास्तरांनी हात पुढे केला होता. वस्तादांनी चावी त्यांच्या हातात दिली नाही. ती काकूंच्या तळहातावर ठेवली.

“पिल्लं बाहेर पडेपर्यंत गाडी कुणी सुरू करायची नाही,” ते म्हणाले. “लक्ष ठेवायला घरात धडधाकट माणूस लागेल, वहिनी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सात्ताप्पा गॅरेजची व्हॅन घेऊन आला, आणि सुलभाकाकू तीत बसून कोल्हापूरला इंजेक्शन घ्यायला गेल्या.