तेल गळतंय

“मग मला दीक्षा कधी?” व्यंकटने विचारलं.

“तेल गळायचं थांबलं का?” सरूआई म्हणाल्या.

“नाही अजून.”

“मग बघू.”

मांजरा नदीकाठच्या त्या लहानशा मठात सरूआईंचा शब्द शेवटचा असे. पण व्यंकटला तो लागला. साऱ्या तालुक्यात इंजिनाचं दुखणं व्यंकटनेच ओळखावं, असं लोक म्हणत. भाऊ गेला, तेरावा उरकला, आणि दुसऱ्याच दिवशी दुकानाला कुलूप घालून तो इथं आला होता.

“डोळ्यांत टिपूस आला नाही माझ्या,” असं तो आल्यागेल्याला सांगे. “माया तुटली.”

आणि नदीवरून पाणी ओढणारं मठाचं जुनं, एवढंसं डिझेल इंजिन मात्र त्याला दाद देत नव्हतं.

आधी बाजूच्या झाकणातून तेल येत होतं. त्याने पॅकिंग बदललं. मग ते चाकामागच्या सीलमधून यायला लागलं. त्याने सील बदललं. मग खालच्या बोल्टांतून. त्याने बोल्ट आवळले, इतके की एकाचे आटे गेले.

त्यापायी दाजीबावर, मठाच्या म्हाताऱ्या आचाऱ्यावर, तो उगाच खेकसला. गाईच्या पाठीत दांडकं घातलं.

नदीवरून पाणी चढेना. गाईंचा हौद कोरडा पडला.

त्या दिवशी सरूआई स्वतः इंजिनापाशी येऊन बसल्या.

“मला यातलं काही कळत नाही,” त्या म्हणाल्या. “तू आलास त्या दिवशी काय काय केलंस, तेवढं सांग.”

“धुतलं.”

“कसं?”

“रॉकेलनं. सगळा मळ काढला. आत रॉकेल जाऊ नये म्हणून वरच्या नळीला...”

व्यंकट थांबला.

“वरच्या नळीला?”

“...बोळा कोंबला.”

“कशाची नळी ती?”

“आतली हवा बाहेर जायची.” त्याचा आवाज खाली गेला. “ती कोंडली, की दाब वाढतो. मग तेल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. कितीही आवळा...”

दुकानात ही चूक केली म्हणून त्याने पोरांच्या कानाखाली आवाज काढले होते. आज त्याची मान वर होईना.

तो गुडघ्यांवर वाकला. बोळा पार आत गेला होता, बोटाला लागेना. नळीवरची नजर न हलवता त्याने डावा हात मागे केला. पंजा उघडा.

हात तसाच राहिला.

मागे कुणी नव्हतं.

सरूआई उठल्या. जमिनीवरची पक्कड उचलून त्यांनी त्याच्या पंजात ठेवली.

व्यंकट दचकला. बोटं पकडीवर मिटली, पण हात पुढे येईना.

“असं हातात कोण द्यायचं?” सरूआईंनी विचारलं.

“...भाऊ.”

“नाव काय त्याचं?”

त्याने हात पुढे घेतला. पकडीनं बोळा धरून ओढला. तेलानं काळी झालेली चिंधी बाहेर आली. त्याने हँडल मारलं. इंजिन दोनदा खोकलं आणि चालू झालं. वरच्या नळीतून भकभक धूर आला. त्याने झाकणावरून फडका फिरवला, थांबला, पुन्हा फिरवला. फडका कोरडाच होता.

आता तो जिंकल्यासारखा उभा राहील, असं कुणालाही वाटलं असतं.

तो खाली बसला.

“नऱ्या,” तो म्हणाला. “नरहरी. मागायच्या आधी पाना हातात ठेवायचा, आई. कधी... एकदासुद्धा चुकीचा दिला नाही. आणि मी कधी त्याला...”

पुढचं कळलं नाही. आधी नुसता घशातला आवाज आला, जनावरासारखा. मग तो इंजिनाच्या दगडी ओट्याला डोकं टेकून रडला. नाक वाहत होतं, तोंड तेलाचं झालं होतं. मध्येच त्याने डॉक्टरला शिवी दिली, मग देवाला.

दाजीबा चुलीपुढून धावत आला. व्यंकटला तसा पाहून तो घाबरला, आणि त्याला प्यायला द्यावं म्हणून हातातला तांब्या घेऊन हौदावरच्या नळाकडे धावला. नदीचं पाणी नुकतंच चढून हौदात पडू लागलं होतं.

सरूआईंनी दाजीबाचं मनगट धरलं.

“थांब जरा,” त्या म्हणाल्या. “आधी गढूळच येतं.”