लखलखीत दवाखाना

राजा चंद्रसेनाने देशभरच्या गावदवाखान्यांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. कसोटी त्याची स्वतःचीच होती: फरशी लखलखीत हवी आणि औषधांच्या बरण्या भरलेल्या. त्यात हिवरगावचा दवाखाना अव्वल आला. तिथल्या वैद्याला सोन्याचं कडं द्यायला राजा जातीने गेला.

बरण्या काठोकाठ भरल्या होत्या, फरशीत तोंड दिसत होतं. राजाची छाती फुगली. गर्दीतल्या म्हाताऱ्या ठकूबाई कुंभारणीला तो म्हणाला, "आजी, असा दवाखाना कधी पाहिला होतास?"

"आतून आजच पाहिला, महाराज. माझी सून तापाने फणफणली होती, तेव्हा पायाला चिखल म्हणून वैद्यबुवांनी तिला उंबऱ्यावरूनच परत धाडलं. ज्या घरात भाकरी भाजत नाहीत, तिथला तवा काळा कसा होईल?"

वैद्याने राजाकडे पाहिलं. कसोटी कुणाची, हे दोघांनाही ठाऊक होतं. राजाची मान खाली गेली. कडं हातातच राहिलं.

"परीक्षेत सगळ्यांत खाली आलेला दवाखाना कुठला?" त्याने हळूच विचारलं.

राजा तिथे पोहोचला, तेव्हा फरशीभर चिखलाची पावलं होती आणि बरण्यांचा तळ दिसत होता. नाडीवरचं बोट न काढता तिथला वैद्य म्हणाला, "रांगेत उभे राहा."

शेल्याचा पदर तोंडावर ओढून राजा मुकाट्याने रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.