निजलेल्या डोळ्यावरची खूण

एका तालुक्याच्या गावी एकदा एक वृद्ध नेत्रशल्यविशारद राहत. वयोमानाने त्यांचा हात कापू लागला होता. म्हणून शस्त्रक्रिया त्यांचा शिष्य करी आणि गुरू शेजारी उभे राहत. शिष्य कुशल होता, आणि त्याला ते ठाऊकही होते.

एके सकाळी गोधड्या शिवणाऱ्या भागूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होते. मोतीबिंदूखेरीज त्यांच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा एका दिशेने अधिक वक्र, अधिक ताठ होता. दोरा दुहेरी दिसे, टाका तिरका जाई. अशा वेळी त्या ताठ दिशेला, पडद्याच्या कडेशी, बारीक छेद देतात. ताण सैलावतो आणि नजर पुष्कळशी सरळ होते. छेदाची जागा कळावी म्हणून डोळ्यावर आधी शाईने खूण करतात.

गुरू आत आले तेव्हा भागूबाईंच्या चेहऱ्यावर निर्जंतुक कापड पसरलेले होते आणि शिष्याने पाते उचलले होते.

"खूण कुठे केली?" गुरूंनी परिचारिकेला विचारले.

"इथेच, टेबलावर निजवून."

गुरूंनी पुढे होऊन ते कापड ओढून काढले. "उठून बसा, भागूबाई."

भागूबाई कडाडल्या, "आता काय झालं? पहाटंच्या यष्टीनं आले. थेंब घालून घालून जीव नकोसा केला, आन आता ऊठ म्हनता? पोरखेळ हाय का?"

शिष्याने पाते ताटात आपटले आणि तो तडक बाहेर पडला. गुरू मागोमाग आले.

"सर, सगळ्यांदेखत माझी लाज काढलीत! बाहेर रांग लागली आहे, आता पुन्हा सगळी तयारी. खूण अचूक होती माझी."

"अचूक होती, पण निजलेल्या डोळ्यावर!" गुरूंचा आवाज संतापाने चढला. "माणूस आडवा झाला की डोळा खोबणीत किंचित फिरतो. हे तुला मीच शिकवले, आणि घाईत तू ते विसरलास. छेद थोडा सरकला तर गुण कमी येतो. फार सरकला तर आहे तो दोषच वाढतो. ती बाई निजून गोधडी शिवते का रे? ती जशी बसते, जशी जगते, तसा तिचा डोळा मोजायचा. तुझी लाज संध्याकाळपर्यंत भरून येईल. दिलेला छेद परत घेता येत नाही."

"मग मला हळूच सांगायचे होते."

"पाते डोळ्यापाशी आलेले असताना?"

शिष्याचा राग अजून धुमसत होता, पण तो आता गुरूंवर नव्हता. थोड्या वेळाने तो आत गेला.

"मावशी, चूक माझी आहे. खूण तुम्हाला बसवून करायची होती."

"मंग आधी का न्हाई बसवलंस?"

तो त्यांच्यासमोर स्टुलावर बसला, नजरेला नजर आणली, समोर पाहायला सांगितले आणि नव्याने खूण केली. भागूबाई पुटपुटतच पुन्हा आडव्या झाल्या.

काही आठवड्यांनी त्या तपासणीला आल्या. "टाका सरळ पडतोय," त्या म्हणाल्या. "पर डाक्टर, त्या दिशीचा माजा राग काय अजून गेला न्हाई."

"जाऊ देऊ नका," शिष्य म्हणाला.