टचपॅडची कबुली

लॅपटॉपच्या गावात वरच्या आळीला बटणं राहायची आणि खालच्या ओसरीवर एकटं टचपॅड, तेव्हाची ही गोष्ट.

एका सकाळी अन्वयाताई लेख टाइप करत असताना पडद्यावरचा बाण आपोआप पळू लागला. अक्षरं भलत्याच ओळीत जाऊन पडू लागली. बटणांनी लगेच पंचायत भरवली.

"बाण हलवतं कोण? तूच ना?" एंटरने टचपॅडला विचारलं.

"एरवी मीच. पण आत्ता मला कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही."

"मग तुझ्या अंगात आलं असेल," स्पेसबार म्हणाला.

टचपॅडने स्वतःला चाचपून पाहिलं. ना ओल, ना तेलकट डाग. पण सगळेच म्हणतायत, तर आपल्या नकळत आपल्याच हातून होत असेल, असं त्याला वाटू लागलं.

"असेल बाबांनो, माझंच चुकत असेल. करा मला बंद."

ताईंचाही संशय त्याच्यावरच होता. त्यांनी त्याला बंद केलं. बाण तरीही पळतच राहिला.

जेवायच्या वेळी ताईंनी खुर्चीला टांगलेली बॅग उघडली. आत डब्याखाली बिनवायरचा माउस चालूच राहिला होता. ताई हलल्या की बॅग हिंदकळायची आणि माउस डब्याला घासायचा, त्याचं बटणही दाबलं जायचं.

"मला विचारलंत कुठे?" तो कण्हत म्हणाला.

ताईंनी त्याला टेबलावर घेतलं आणि उरलेलं काम त्याच्याकडूनच करून घेतलं.

"आता तरी मी निर्दोष ना?" टचपॅडने विचारलं.

"अर्थात," एंटर म्हणाला. "पण बंद करा असं तूच म्हणालं होतंस."

टचपॅड अजून बंदच आहे.