नाहीसं झालेलं वजन

“मग हा फुटण्याचा वेग तू मोजलास कुठं?”

निशिकांतनं धुरानं झोंबणारे डोळे पुसले.

चुलवाणावर काहील रटरटत होती. उसाच्या रसाचा पाक होत आला होता. जवळच पोत्यावर इंदुमतीबाई सरनोबत मांडीवर त्याचा प्रबंध घेऊन बसल्या होत्या. विद्यापीठात तीस वर्षं गणित शिकवलेली ही बाई हंगामात भावाच्या गुऱ्हाळावर मुक्काम ठोकायची. शिष्यांनी यायचं तर तिथंच, धुरात.

निशिकांत सुवर्णपदकवाला होता, आणि ते कुणाला विसरू देत नसे.

“मोजला नाही, धरला,” तो म्हणाला. “पाकातले कण तरंगत पसरतात, एकमेकांना चिकटतात, फुटतात. पण कणांचे गठ्ठे वाढत गेले, की समीकरणात एका क्षणी वजनच नाहीसं होतं, मॅडम. बेरीज जुळत नाही. म्हणून फुटण्याचा वेग वाढवला. आता गठ्ठा मोठा होतच नाही. बेरीज शेवटपर्यंत जुळते.”

“म्हणजे तुझा पाक कधी आळतच नाही?”

“कागदावर... नाही.”

“आणि वर लिहिलंयस, गुऱ्हाळातला पाक.”

“उद्या शेवटची तारीख आहे. सहा वर्षं घातलीत मी. फक्त तुमची सही...”

बाईंनी पेन उघडलं. त्याचा जीव भांड्यात पडला.

“आक्का, उतरायची न्हवं काहील?” गूळ शिजवणाऱ्या सातापा गुळव्यानं हाक दिली.

“आज हा सांगेल. तोवर कुणी हात लावायचा नाही.”

सातापाच्या तोंडचं पाणी पळालं. “करपंल की समदी! मालक उभा चिरतील मला.”

“याच्या कागदात पाक आळत नाही. मग घाई कसली?”

निशिकांत हसायला गेला. बाई हसल्या नाहीत.

जाळ धडाडत होता. बुडबुडे जड झाले. चार गडी काहिलीच्या कड्यांपाशी येऊन उभे राहिले, आणि सगळे त्याच्याकडेच बघू लागले. त्याला दरदरून घाम फुटला.

सातापानं गार पाण्याचा तांब्या त्याच्या हातात कोंबला आणि पळीभर पाक त्यात सोडला.

निशिकांतनं पाण्यात बोटं घातली. गोळी झाली होती. त्यानं दाबली... फुटली नाही. आणखी जोर लावला... फुटली नाही.

किंचित करपट वास आला.

त्यानं प्रबंधाकडे पाहिलं. बाईंचं पेन अजून उघडंच होतं.

“उतरवा!” तो ओरडला. “आळलाय! उतरवा!”

गड्यांनी काहील ओढली, पाक निवायच्या वाफ्यात ओतला. सातापानं बोट चाटून पाहिलं. “वाचला. जरा लाल पडंल, पन वाचला.”

बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि प्रबंध सहीविना परत दिला.

“मग ते वजन जातं कुठं?” निशिकांतनं विचारलं. त्याला रडू आवरत नव्हतं.

बाईंनी नुसतं साच्याकडे बोट दाखवलं.

पाक साच्यात भरला गेला. निशिकांत तिथंच बसून राहिला, जेवलासुद्धा नाही. दिवस कलल्यावर सातापानं साचा उपडा करून तीस किलोचा गुळाचा रवा काढला. कडक, अखंड, जरा लालसर.

“उचल,” बाई म्हणाल्या.

त्यानं उचलला. हात भरून आले.

“मॅडम... कुठं ठेवू?”

“जे नाहीसं झालंय, त्याला ठेवायला जागा कशाला लागते?”